अंजीर दाखवणारा माणूस
(इंझोरी, तालुका मानोरा, जिल्हा वाशीम येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)

 

आज आम्ही बोलणार होतो शेतीतल्या म्हणींवर. टिपणंही काढून आणली होती. पण व्याख्यानाआधी चहा घेत बसलो असताना इथलाच एक मुलगा आला. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतो. हातात इंग्रजी शब्दांचं पुस्तक, त्यात पेन्सिलीनं खुणा केलेल्या. म्हणाला, "सर, हा सायकोफंट म्हणजे चमचाच व्हय ना?" आम्ही घोट घेता घेता सांगून टाकलं, "हो, चमचाच." तो लिहून घ्यायला लागला. तेवढ्यात बाजूला बसलेले एक आजोबा म्हणाले, "चमच्याले काय भ्यायचं बाप्पा? भ्याव त कानात बोलणाऱ्याचं असते."

आजोबांना इंग्रजी येत नाही. पण त्या शब्दाचा जो अर्थ आम्ही सांगितला नाही, तो त्यांनी सांगून टाकला. म्हणून टिपणं बाजूला ठेवतो आणि आज या एकाच शब्दावर बोलतो. म्हणीही येतीलच, त्यांच्याशिवाय आपलं भागत नाही.

सायकोफंट हा शब्द इंग्रजीत आला लॅटिनमधून आणि लॅटिनमध्ये गेला ग्रीकमधून. ग्रीकमध्ये 'सूकोन' म्हणजे अंजीर आणि 'फाइनेइन' म्हणजे दाखवणं, उघड करणं. तेव्हा 'सूकोफान्तेस' म्हणजे अंजीर दाखवणारा. आता तुम्ही म्हणाल, खुशामतीचा आणि अंजिराचा संबंध काय? ग्रीकांनाही हा प्रश्न पडलाच होता. त्यांच्याकडे सांगितली जाणारी गोष्ट अशी, की अथेन्समध्ये एके काळी अंजीर बाहेरगावी विकायला बंदी होती. कुणी चोरून नेत असेल तर त्याची खबर देणारे लोक होते. 'अमक्याच्या गाडीत अंजीर आहेत' म्हणून बोट दाखवणारे, ते सूकोफान्तेस. प्लुटार्क हा इतिहासकार सोलोनच्या चरित्रात ही गोष्ट सांगतो, पण तोही जरा जपूनच सांगतो. दुसरे अर्थही सुचवले गेले आहेत. कुणी म्हणतात झाड हलवलं की पानाआडचं अंजीर दिसतं त्यावरून, कुणी म्हणतात बोटांच्या एका अश्लील इशाऱ्यावरून. विद्वानांचं त्यावर एकमत नाही. पण अंजिराचं काहीही असो, अथेन्समध्ये हा शब्द कुणाला लावत, याबद्दल शंका नाही. तो खुशामत करणाऱ्याला लावत नसत. खोट्या नाहीतर खोडसाळ फिर्यादी करून लोकांना लुबाडणाऱ्याला लावत.

हे कसं चालायचं ते समजून घेऊ, कारण खरी मेख तिथेच आहे. अथेन्समध्ये आपल्यासारखा सरकारी वकील नव्हता. सार्वजनिक गुन्ह्याची फिर्याद 'ज्याची इच्छा असेल तो' कुणीही नागरिक करू शकत होता. कल्पना थोर होती. गावाचं नुकसान ते माझं नुकसान, म्हणून कुणीही उभं राहावं. पण काही प्रकारच्या खटल्यांत फिर्यादीला दंडातला वाटा मिळे, आणि खटला भरण्याची नुसती धमकी दिली तरी श्रीमंत माणूस कटकट नको म्हणून पैसे देऊन मोकळा होई. झेनोफोननं सॉक्रेटिसच्या आठवणी लिहिल्या आहेत. त्यात सॉक्रेटिसचा मित्र क्रिटो हीच तक्रार करतो, की मी कुणाचं काही वाईट केलेलं नाही, तरी लोक माझ्यावर फिर्यादी करतात, कारण त्यांना ठाऊक आहे की मी कोर्टात जाण्यापेक्षा पैसे देईन. सॉक्रेटिस म्हणतो, मेंढरांसाठी कुत्रा पाळतोस ना, मग स्वतःसाठीही एक पाळ. क्रिटो आर्केडेमस नावाचा एक गरीब पण बोलण्यात तरबेज माणूस हाताशी धरतो आणि त्याच्याकरवी या खंडणीबहाद्दरांवरच उलट फिर्याद करवतो. ते गुपचूप माघार घेतात.

नाटककार ॲरिस्टोफेनिसनं तर या लोकांची सालं काढली आहेत. इसवी सनापूर्वी ४२५ मधल्या त्याच्या 'अकार्नियन्स' नाटकात शेजारच्या मुलखातला एक व्यापारी अथेन्सच्या माणसाकडे माल घेऊन येतो. बदल्यात काय नेणार? जे अथेन्समध्ये पिकतं आणि आमच्याकडे मिळत नाही ते द्या, म्हणतो. तेवढ्यात एक सूकोफान्तेस फिर्यादीची धमकी देत येतो. मग त्यालाच धरतात, मडक्यासारखा गवतात गुंडाळतात, दोरीनं बांधतात आणि निर्यात करून टाकतात. (हशा) त्याच्याच 'प्लुटस' नाटकात एका सूकोफान्तेसला विचारतात, बाबा रे, तू शेती करतोस का? तो म्हणतो, मला काय वेड लागलंय? मग व्यापार? तो म्हणतो, गरज पडली तर तसं सांगतो. मग पोट कशावर भरतोस? तर म्हणे, मी सगळ्यांच्या कारभाराकडे लक्ष ठेवतो! असा माणूस तुम्ही पाहिला नाही असं आम्हाला सांगू नका.

अथेन्सच्या लोकांनी त्यावर उपायही केला होता. सार्वजनिक खटल्यात फिर्यादीला निदान एक पंचमांश मतं मिळाली नाहीत तर त्याला हजार द्राक्मांचा दंड. त्या काळात कुशल कारागिराची दिवसाची मजुरी साधारण एक द्राक्मा, म्हणजे दंड जवळजवळ तीन वर्षांच्या कमाईइतका. म्हणजे आरोप करायला सगळ्यांना मुभा, पण पोकळ आरोपाची किंमत आरोप करणाऱ्यानं मोजायची. हा मुद्दा लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

मग हा शब्द खुशामतखोराचा कसा झाला? रोमन नाटकांत 'सिकोफान्ता' म्हणजे लबाड, ठकवणारा. इंग्रजीत सोळाव्या शतकात शब्द आला तो आधी खबऱ्या, चुगलखोर या अर्थानं; त्याच शतकात मोठ्यांच्या मागेपुढे करणारा हा अर्थ आला आणि पुढे तोच उरला. आजच्या ग्रीक भाषेत मात्र हा शब्द अजूनही बदनामी करणाऱ्यालाच लावतात. म्हणजे एकाच शब्दाच्या दोन मुलखांत दोन वाटा झाल्या.

का झालं असेल असं? आम्हाला वाटतं ते असं. अथेन्समध्ये अंजीर दाखवायला शेकडो पंचांसमोर उभं राहावं लागे. जिथे पंच नाहीत, राजा आहे, तिथे एकाच माणसाचा कान गाठावा लागतो. आणि कान गाठायचा तर आधी गोड बोलावं लागतं. चहाडी हा माल आणि गोड बोलणं हे गाडीभाडं. इंग्रजीनं गाडीभाड्याकडे पाहून नाव ठेवलं आणि माल विसरून गेली.

आता आपल्या घरात येऊ. खुशामतीसाठी मराठीत शब्दांची काही कमी आहे का? खुशामत हा शब्द मुळात फारसी 'खुश आमद', म्हणजे आपलं येणं सुखाचं झालं, असं स्वागत. हुजऱ्या आला 'हुजूर'वरून. लांगूलचालन म्हणजे शेपूट हलवणं. भर्तृहरीनं नीतिशतकात घास घालणाऱ्यापुढे शेपूट हलवणारा कुत्रा आणि शांतपणे पाहणारा हत्ती शेजारी शेजारी उभे केले आहेत, तिथपासूनची ही ओळख. गोंडा घोळणं हे त्याचंच मराठी भावंडं. मग लाळघोट्या, तोंडपुजा, होयबा, खुशमस्कऱ्या, हांजी हांजी. गाणाऱ्याच्या मागे सूर धरणाऱ्यावरून 'री ओढणं'. दारोदार मान हलवणाऱ्या बैलावरून 'नंदीबैल'. आणि आपल्या भागातल्या माणसाला सांगायलाच नको ते 'हरभऱ्याच्या झाडावर चढवणं'. हरभरा गुडघ्याएवढा. त्यावर चढायला सांगणारा किती खोटा आणि चढणारा किती भोळा, हे ज्यानं हरभरा उपटलाय त्याला लगेच कळतं.

किती छान शब्द आहेत! पण आमची त्यांच्याबद्दल एक तक्रार आहे. हे सगळे शब्द खुशामत करणाऱ्याकडे समोरून पाहतात. त्याचं शेपूट दिसतं, लाळ दिसते, हलणारी मान दिसते. या चित्रात माणसं दोनच, करणारा आणि करवून घेणारा. नुकसान झालंच तर करवून घेणाऱ्याचं, तो हरभऱ्यावरून पडेल. म्हणून आपल्याला हसू येतं. तिसरा माणूस या शब्दांत नाहीच.

वांग्याच्या भाजीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. बादशहा म्हणतो, वांगं काय सुंदर! दरबारी म्हणतो, खाविंद, म्हणून तर देवानं त्याच्या डोक्यावर मुकुट ठेवला. चार दिवसांनी बादशहा म्हणतो, वांगं काय भिकार! दरबारी म्हणतो, म्हणून तर त्याला काटे दिले. बादशहा विचारतो, अरे, परवा तर स्तुती करत होतास? तो म्हणतो, मी चाकर तुमचा, वांग्याचा नाही. (हशा) हसलात ना? आम्हीही लहानपणापासून हसतो. पण या गोष्टीत नावं ठेवली जातात ती वांग्याला, आणि वांग्याला नोकरी नसते, बायकापोरं नसतात. आता वांग्याच्या जागी एखादी शिक्षिका बसवा. साहेब सकाळी म्हणाले, बाई चांगल्या आहेत. हा म्हणाला, उत्तमच. साहेबांचा संध्याकाळी मूड बदलला. हा म्हणाला, साहेब, बोलणार नव्हतो, पण आता तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगतो. इथे हसू येत नाही. गोष्ट तीच आहे, दरबारी तोच आहे.

हे आम्हाला पुस्तकातून कळलेलं नाही. फार वर्षांपूर्वी आम्ही एका तालुक्याच्या ठिकाणी कचेरीत नोकरीला होतो. तिथे एक सहकारी साहेबांच्या प्रत्येक वाक्याला मान हलवायचा. आम्ही त्याचं नाव नंदीबैल ठेवलं होतं, जेवणाच्या सुट्टीत नकला करायचो. त्याच टेबलावर एक अबोल कारकून बसत. वर्षभरात त्यांची दूर बदली झाली. घरी आई अंथरुणाला खिळलेली. पुढे कळलं, की आमचा नंदीबैल मान हलवून झाली की केबिनमध्ये पाच मिनिटं जास्त थांबत असे, आणि त्या पाच मिनिटांत कारकुनाचा हिशोब होत असे. आम्ही वर्षभर त्याच्या मानेकडे पाहत होतो. ती पाच मिनिटं आम्ही पाहिलीच नाहीत. विनोदाचा शब्द हाताशी होता, आणि त्या शब्दानंच आमचे डोळे झाकले.

म्हणजे मराठीला दुसरी बाजू माहीत नाही का? आहे की. चहाडखोर, चुगलखोर, कान भरणारा, काडी लावणारा. पण ती नावं आपण वेगळ्या खणात ठेवली. खुशमस्कऱ्या हसायचा, चहाडखोर भ्यायचा. जणू दोन वेगळी माणसं. ग्रीकापासून इंग्रजीपर्यंत आलेला हा एक शब्द सांगतो की माणूस बहुधा एकच असतो. वर तोंड केलं की गोड, बाजूला तोंड केलं की विषारी.

आणि गंमत बघा, अंजिराची म्हण आपल्याकडेही आहे. उंबर म्हणजे अंजिराच्याच कुळातलं झाड. दत्तसंप्रदायात औदुंबराचं महत्त्व आपल्याला सांगायला नको. आपल्याच जिल्ह्यातलं कारंजा ही नृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. त्या उंबरावरून म्हण आहे, 'उंबर फोडून केंबरं काढणं'. पिकलेलं उंबर फोडलं की आतून बारीक किडे उडतात, ती केंबरं. झाकलेलं उगाच फोडून दुसऱ्याचं उणं चव्हाट्यावर मांडणं, असा त्याचा अर्थ. ग्रीक शब्दाचा आणि या म्हणीचा काही नातेसंबंध आहे असं आम्ही म्हणत नाही. पण दोन्हीकडच्या लोकांनी एकाच जातीचं फळ हातात घेतलं आणि एकाच जातीच्या माणसाला ओळखलं. आमची म्हण त्यातही पुढे गेली आहे. केंबरं नसलेलं उंबर मिळत नाही. त्या चिलटांवाचून उंबराला बी धरत नाही. तेव्हा ज्याला फोडायचंच आहे, त्याला प्रत्येकाच्या आत काहीतरी सापडणारच.

आपल्या वाङ्मयात या दोन्ही बाजू एका माणसात कुणी दाखवल्या असतील, तर विजय तेंडुलकरांनी, 'घाशीराम कोतवाल'मध्ये. १९७२ साली हे नाटक पुण्यात रंगमंचावर आलं. इतिहासातला घाशीराम सावळदास पुण्याचा कोतवाल होता. १७९१ साली कोठडीत कोंडलेले ब्राह्मण गुदमरून मेले आणि चिडलेल्या जमावानं त्याला दगडांनी मारलं. तेंडुलकरांनी त्यावर स्वतःची रचना केली. त्यांचा घाशीराम कनोजहून येतो, पुण्यात चोर ठरवला जातो, मार खातो, आणि सूड घ्यायचं ठरवतो. नाना फडणवीसाची मर्जी मिळवायला स्वतःची मुलगी त्याच्यापुढे करतो, आणि बदल्यात कोतवाली मागतो.

हे नाटक वाचताना आमच्या एक गोष्ट लक्षात आली. घाशीराम नानाची तोंडभर स्तुती करत बसत नाही. तो नानाला हवं ते पुरवतो. म्हणजे खरा सायकोफंट तोंडानं ओळखावाच असं नाही, देवाणघेवाणीवरून ओळखावा. आणि कोतवाली हाती येताच तो काय करतो? रात्री कोण कुठे जातो, कुणाच्या घरात कोण आहे, परवाना आहे का, याच्या झडत्या. घरोघरची अंजिरं शोधत फिरतो. वर वाकलेला माणूस खाली किती ताठ होतो, ते तेंडुलकरांनी न समजावता दाखवलं. शेवटी लोक खवळतात तेव्हा नाना घाशीरामाला लोकांच्या हवाली करतो आणि स्वतः सहीसलामत राहतो. नाटकाचं मोठेपण आम्हाला इथे दिसतं. खुशामतखोर एकटा उगवत नाही. त्याला कान देणारा असतो, कान देणाऱ्याला त्याचा उपयोग असतो, आणि उपयोग संपला की चमचा बदलता येतो.

चमचा हा शब्द एका माणसानं मात्र हसण्यावारी नेला नाही. कांशीराम यांनी १९८२ साली, पुणे कराराला ५० वर्षं झाली त्या दिवशी, २४ सप्टेंबरला, 'चमचा युग' या आशयाचं इंग्रजी पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं साधं होतं. चमचा स्वतः हलत नाही, त्याला दुसऱ्याचा हात लागतो. आणि खरा लढणारा पुढे आला की चमच्याची मागणी वाढते. त्यांच्या राजकारणाशी कुणाचं पटो न पटो, पण चमच्याच्या चित्रात त्यांनी तिसरा माणूस आणला. चमचा वापरला जातो तो कुणाविरुद्ध, हा प्रश्न त्यांनी विचारला. आणि त्याआधी, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी, संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सांगून ठेवलं होतं की धर्मात भक्ती आत्म्याला मुक्तीकडे नेत असेल, राजकारणात भक्ती आणि व्यक्तिपूजा अधोगतीकडे आणि शेवटी हुकूमशाहीकडे नेते. आपण ते वाक्य नेत्यांसाठी समजतो. ते कान देणाऱ्यांइतकंच कान फुंकणाऱ्यांसाठीही आहे.

आता एक धोका सांगतो आणि आटोपतो. हे सगळं ऐकून उद्या गावात कुणी तक्रार केली, रस्त्याचा खर्च विचारला, की त्याला 'चहाडखोर', 'अंजीरवाला' म्हणू नका. (हशा) हसू नका, हे होतं. महाराष्ट्रानं २००२चा आपला माहिती अधिकार कायदा केला, देशाचा २००५ साली आला. माहिती मागणाऱ्याला सर्रास ब्लॅकमेलर म्हटलं जातं. काही असतीलही. पण तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारातली माहिती बाहेर काढत होते आणि १३ जानेवारी २०१० रोजी त्यांचा खून झाला. अथेन्समध्येही 'सूकोफान्तेस' ही शिवी प्रामाणिक फिर्यादीच्या तोंडावर फेकली जात होतीच. चोरालाही हा शब्द फार सोयीचा आहे.

मग ओळखायचं कसं? आम्हाला तीन प्रश्न उपयोगी वाटतात. हा माणूस बोलतो ते ग्रामसभेत, सगळ्यांसमोर, की बंद दाराआड? ज्याच्याबद्दल बोलतो त्याला उत्तर द्यायची संधी आहे का? आणि बोलणं खोटं निघालं तर याला काही मोजावं लागेल का? सही करून अर्ज देणारा, नाव सांगून उभा राहणारा माणूस चुकू शकतो, पण तो किंमत मोजायला तयार असतो. कानात बोलणारा काहीच मोजत नाही. त्याची किंमत तिसराच मोजतो, आणि बहुतेक वेळा त्या तिसऱ्याला आपण काय मोजतोय हेसुद्धा कळत नाही. आमच्या कारकुनाला शेवटपर्यंत कळलं नव्हतं.

चौथा प्रश्न आपल्यालाच विचारायचा. आपला कान कुणाच्या तोंडाजवळ आहे? साहेब नसलो तरी आपण कुणाचे तरी सासरे असतो, थोरले भाऊ असतो, बचत गटाच्या अध्यक्ष असतो. 'तुमच्याइतकं कुणाला कळतंय' असं वाक्य कानावर आलं, की पुढच्या वाक्यात कुणाचं नाव येतं ते ऐका. पुष्कळदा येतंच.

तर बाळा, मागे बसलायस ना? परीक्षेत 'चमचा'च लिही, गुण मिळतील. पण वहीत त्याच्यापुढे आजोबांचं वाक्यही लिहून ठेव. परीक्षा पास झालास, खुर्चीवर बसलास, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी गोड बोलत केबिनमध्ये येईल. तो बोलायला लागला की दार उघडं ठेव, आणि ज्याच्याबद्दल बोलतोय त्याला आत बोलाव.

इतकंच सांगायचं होतं. म्हणींचं व्याख्यान पुढच्या खेपेला.